शून्य तंबाखूचं गाव

२ डिसेंबर २०२४, सोमवार

ही वही मला आज बक्षीस मिळाली. तालुक्याला सगळ्या आशाताईंसमोर माझं नाव पुकारलं, गिरिजा अमरनाथ बिराजदार, आणि हार, वही आणि चौकटीत बसवलेलं प्रमाणपत्र हातात दिलं. त्यावर ठळक अक्षरात लिहिलंय, 'महिलांमधील तंबाखू सेवन : शून्य'. सास्तूरच्या पट्ट्यात असं दुसरं गाव नाही म्हणे. साहेब म्हणाले, या ताईंकडून शिका. अशा वेळी जशी मान खाली घालून हसतात, तशी मी हसले.

सरकारी रजिस्टरं माझ्याकडे अकरा आहेत. त्यांच्यात काय लिहायचं ते वरून ठरून येतं. ही बारावी माझी एकटीची. हिच्यात जे मनात येईल ते लिहीन, स्वप्नंसुद्धा.

घरी आल्यावर प्रमाणपत्र भिंतीवर टांगलं. ह्यांनी लांब उभं राहून पाहिलं आणि म्हणाले, "खिळा वाकडाय." मग मी चहा टाकला, परसदारच्या पायरीवर बसले आणि मिश्री लावली. आज चिमूटभर जास्तच, आनंदाची.

५ डिसेंबर

माझी मिश्रीची डबी पितळेची आहे, झाकणाला पोचा आलेला. ती अव्वाची, म्हणजे माझ्या आईची. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर ढिगाऱ्यातून जे निघालं त्यात ही होती. अव्वा निघाली ती नंतर. मी तेव्हा अकरा वर्षांची. पत्र्याच्या शेडमध्ये सगळे झोपायचे आणि मी टक्क उघड्या डोळ्यांनी बसायची. शेजारच्या एका म्हातारीनं डबी उघडून माझ्या हिरड्यांवर बोट फिरवलं आणि म्हणाली, "आता गप पड." मी गप पडले. त्या पहाटे अव्वा स्वप्नात आली आणि तेव्हापासून येते.

मिश्री लावून डोळे मिटले की अंग हलकं होतं, पाय पायरीला लागेनासे होतात. मग जुनं गाव वर येतं. आता तिथं बाभळी आणि दगड आहेत, पण त्या वेळी सगळी मातीच्या छताची माळवदं जागच्या जागी असतात. अव्वा चुलीपुढं बसलेली असते. पदर डाव्या गालाला लावून, भाकरी दुधात कुस्करत माझ्याकडं बघते. बोलत काही नाही. तिला माझं असं कौतुक होतं, की गालाला हात लावून तासभर बघत बसायची. मग कोंबडा आरवतो नाहीतर उमादेवी भिंतीवरून हाक मारते, आणि मी परत या सरळ रेघांच्या नव्या गावात येते, घर नंबर चौदा.

उमादेवी माझी लहानपणापासूनची. आमचं दोघींचं माहेर-सासर एकाच गावात. आमच्या परसात मध्ये कमरेएवढी भिंत आहे आणि बेचाळिसाव्या वर्षीही ती उंबऱ्यानं न येता भिंतीवरून येते. दर पंधरा दिवसांनी आम्ही दोघी मिळून तव्यावर तंबाखू काळी होईस्तोवर भाजतो, कुटतो, फडक्यातून गाळतो. खोकून खोकून हसतो. आज तिनं बोट तोंडात घातलं आणि कळवळली. दसऱ्यापासून उजव्या गालात आतून फोड आहे, तुटक्या दाढेच्या शेजारी.

"दसऱ्यापासून? आणि मला आता सांगतीस?"

"तू आशाताई. तू कागदात लिवशील म्हून सांगितलं न्हाय."

प्रशिक्षणात शिकवलंय, तोंडातला फोड पंधरा दिवसांत बरा झाला नाही तर दाखवायचा. हिला दोन महिने होत आले. माझ्याही गालाला आतून दुधावर साय धरावी तसं काहीतरी पांढरं आहे, पण ते दुखत नाही, आणि न दुखणाऱ्याचं काय कौतुक करायचं. उमादेवीला मात्र दाखवायलाच हवं.

१० डिसेंबर

तिला घेऊन तालुक्याला गेले. दवाखान्यात दातांची खुर्ची आहे, छान, निळी. तिच्यावर पांढरं कापड झाकलेलं असतं, लग्नातल्या सोफ्यासारखं. दातांचे डॉक्टर तीन महिन्यांतून एकदा येतात, तो दिवस परवाच होऊन गेला. सिस्टर म्हणाल्या, तोवर मिठाच्या पाण्यानं गुळण्या करा.

परत येताना जीपमध्ये उमादेवीनं माझा हात धरून ठेवला होता. तिचा नवरा शरणबसप्पा दारातच उभा. "दातानं कुनी मेलंय का आजवर?" म्हणाला. सोलापूरला न्या म्हटलं तर ज्वारी राखायला कोण, म्हणाला. तो वाईट नाही. त्याच्याही तोंडात आता समोरचे चारच उरलेत आणि त्याला वाटतं, माणसाला दात असे येतात आणि असे जातात, केसांसारखे.

१६ डिसेंबर, सोमवार

दातांची गाडी येणार आहे. आत खुर्ची, दिवा, डॉक्टर, सगळं असलेली मोठी पांढरी गाडी. जानेवारीत तालुक्यातली बारा गावं फिरणार. ऐकल्याबरोबर मी उमादेवीला भिंतीवरून सांगितलं, गाडीच तुझ्या दारात येते बघ. मग यादी आली. त्यात आमचं गाव नाही.

कचेरीत रामलिंग म्हणून कारकून आहेत, यादी त्यांच्याकडं. त्यांना विचारलं.

"ताई, ज्या गावात तंबाकूवाले लई, तिथं गाडी आधी. तुमचं तर शून्य हाय. बक्षीस घेतलं की तुमी. तुमच्या गावाला गाडी कशाला?"

मी म्हटलं, "फोड असलेली बाई आहे एक."

"तंबाकू न्हाय, तर फोड कशानं व्हईल?" असं म्हणून त्यांनी हसून चहा मागवला. मी चहा न घेता आले.

१८ डिसेंबर

खरं लिहायचं तर ते शून्य मीच घातलंय, पण खोटं म्हणून नाही. घरोघर फिरून विचारलं, बाई, तंबाखू खाता का? एकशे अठ्ठ्याऐंशी बायकांनी कानाला हात लावले. तंबाखू खाणं हे पुरुषांचं, पारावर बसून मळायचं, थुंकायचं. मिश्री आम्ही खात नाही, लावतो. ती दातांसाठी असते. सकाळी तोंड धुणं हे काय व्यसन आहे? मलाही ते इतकं सरळ वाटलं, की रकान्यात 'नाही' लिहिताना पेन अडखळलं नाही. माझ्या स्वतःच्या नावापुढं लिहितानाही नाही. त्या वेळी माझ्या तोंडात मिश्रीच होती बहुतेक.

आता काय करायचं? फॉर्म बदलले तर प्रमाणपत्र जाणार. मी पंधरा दिवस शहाणी होते, आता पुन्हा नुसती आशाताई. मला ते प्रमाणपत्र फार आवडतं, हे इथं लिहून ठेवते.

३० डिसेंबर, सोमवार, येळवस

वेळा अमावास्या, सगळं गाव रानात. ज्वारी माणसाच्या वर गेली आहे. शरणबसप्पानं कडब्याची कोप, म्हणजे खोपी, छान रचली होती, आत पांडवांची पूजा, बाहेर बेसनात शिजवलेल्या भाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, आंबिलाची घागर. तो आंबील शिंपडत 'ओलगे ओलगे' असा पुकारा करत शेताला फेरी घालत होता आणि पोरं मागून ओरडत होती. असा दिवस वर्षातून एकदाच येतो आणि आल्यावर वाटतं आपण कधी म्हातारे होणारच नाही.

उमादेवीनं भज्जीचा घास घेतला आणि डोळ्यांत पाणी आलं. मीही फारशी खाल्ली नाही, यंदा तिखट लई पडलंय. आंबीलही लागलं गालाला. उंडा अख्खा तोंडात मावेना म्हणून मी मोडून मोडून खाल्ला, तर शरणबसप्पा म्हणाला, "आशाताई शहरावानी जेवाया लागल्या." तुळजापूरला नवरात्रात पाणीपुरीचंही असंच झालं होतं, पुरी ओठातच फुटली आणि पाणी साडीवर. उमादेवी रस्त्यात बसून हसली होती.

दुपारी कोपीच्या सावलीत सुपारीचं खांड गालात धरून आडवी झाले. ज्वारीची कणसं वाऱ्यावर हलत होती. डोळा लागला आणि ती ज्वारी जुन्या गावातली झाली. लहानपणी दात पडला की अव्वा तो शेणाच्या गोळीत घालून मला माळवदावर फेकायला लावायची. माझा शेवटचा दुधाचा दात त्या साली गणपतीतच पडला होता. तोही वर फेकला, आणि पंधरा दिवसांत माळवदच खाली आलं. स्वप्नात ते सगळे दात रुजले होते. कणसाकणसाला पांढरे दाणे. अव्वा पदर गालाला धरून एक एक दाणा खुडून ओंजळीत घेत होती. मी विचारलं, माझे आहेत का ग? तिनं तोंड उघडलं, पण आवाज आला नाही.

जाग आली तेव्हा उमादेवी शेजारी झोपली होती, तळहात गालाखाली. ती झोपेत कण्हत होती. मी तिच्याकडं बघितलं आणि ठरवलं. प्रमाणपत्र काय, चुलीतही घालता येतं.

२ जानेवारी २०२५

फॉर्म पुन्हा भरायला सुरुवात केली. पहिल्याच घरी सारजाबाई. सत्तरी ओलांडलेली, दात काळेभोर आणि मजबूत, जिभेला तर त्याहून धार.

"सारजाबाई, खरं सांगा. मिश्री लावता?"

"म्या? शिव शिव. तुजं नाव हाय का तुज्या कागदात? माजं ग कशाला?"

दहा घरं अशीच गेली. साऱ्यांच्या परसात भाजल्याचा वास, आणि साऱ्यांचे कानाला हात. मग मी वेगळी युक्ती केली. उंबऱ्यात बसायचं, विचारायचं काहीच नाही. कमरेची अव्वाची डबी काढायची आणि मध्ये जमिनीवर ठेवायची. बाई डबीकडं बघते, माझ्याकडं बघते. मग उठून आत जाते आणि आपली घेऊन येते. कुणाची पत्र्याची, कुणाची पावडरची जुनी, एकीचा तर देव्हाऱ्यातला कुंकवाचा करंडाच. दोन डब्या शेजारी ठेवल्यावर खोटं कुणी बोलत नाही. सारजाबाईकडं परत गेले तर तिच्या तीन निघाल्या.

९ जानेवारी

एकशे त्रेचाळीस जणी निघाल्या. माझं घर अजून घेतलं नाही. ते काय, घरचंच आहे, कधीही भरता येईल.

१० जानेवारी

रामलिंगांसमोर गठ्ठा ठेवला. ते चष्मा कपाळावर चढवून बराच वेळ पानं उलटत बसले. मी उभीच.

"शून्यावरून एकशे त्रेचाळीस? एका म्हैन्यात?"

"आधी चूक झाली साहेब. माझी."

"प्रमाणपत्र परत द्यावं लागंल, ताई."

पिशवीत होतंच. काढून टेबलावर ठेवलं. ते हळूच म्हणाले, "आमच्या घरचीबी लावते," आणि यादीत सगळ्यात खाली आमच्या गावाचं नाव लिहिलं. बावीस तारीख.

बसमधून येताना मला लाज वाटेल असं वाटलं होतं. उलट झोप आली, सास्तूरपर्यंत गाढ. भिंतीवर आता नुसता वाकडा खिळा आहे.

२२ जानेवारी, बुधवार

गाडी आली. शाळेच्या पटांगणात उभी राहिली आणि पोरांनी तिला वेढा घातला. डॉक्टरबाई लहान आहेत, अर्पिता नाव, बोलायला मऊ. बायका रांगेत पदर तोंडावर धरून, जशा मुलगी बघायला आल्यावर बसतात. एकसष्ट आल्या. बाकीच्या लांबून बघत होत्या.

उमादेवीचा नंबर आला आणि ती पायरीवरच थांबली.

"म्या न्हाय. तू आधी."

"मला काय झालंय? तुझ्यासाठी आणली एवढी गाडी."

"घरोघर डबी आधी तू ठिवलीस ना? मग तोंड बी आधी तूच उगड."

मागच्या बायका हसल्या. उशीर नको म्हणून मी जाऊन खुर्चीवर आडवी झाले. वर दिवा होता, गोल. त्याच्या उजेडात डोळे मिटले तर क्षणभर पायरीवर असल्यासारखंच वाटलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, "ताई, तीन बोटं उभी धरून तोंडात घाला बघू." मी घातली. दोन गेली. तिसरं बाहेरच राहिलं. मी हसले, त्या हसल्या नाहीत. छोटा आरसा गालात फिरवला, बोटानं चाचपलं, दिवा जवळ ओढला. पुन्हा बघितलं.

"जळजळ किती दिवसांपासून?"

मी म्हटलं, येळवसला तिखट जास्त पडलं होतं. त्यांनी ऐकून घेतलं. मिश्री किती वर्षं, विचारलं. एकतीस. सुपारी? ती मोजत नाही मी. मग त्यांनी हातमोजे काढले आणि माझ्या शेजारी स्टूल ओढून बसल्या. डाव्या गालात पांढरा चट्टा आहे, म्हणाल्या, मध्ये लाल झालाय, कडेला टणक. सोलापूरला जाऊन छोटा तुकडा काढून तपासायचा. "लवकर सापडलंय असं मला वाटतंय. पण तुकडा तपासल्याशिवाय शब्द देत नाही. आणि मिश्री आजपासून बंद, सुपारीसुद्धा." मी विचारलं, दुखत तर नाही ना ते? त्या म्हणाल्या, "म्हणून तर, ताई."

मग उमादेवी. तिची तुटलेली दाढ गालाला घासत होती, एवढंच. मशीननं टोक गुळगुळीत केलं, औषध दिलं, आठवड्यात भरून येईल म्हणाल्या. ती खुर्चीवरून उठली आणि माझ्याकडं बघून रडायला लागली. मला आधी वाटलं आनंदानं.

सारजाबाईसह सहा जणींना सोलापूर सांगितलंय. मी धरून सात. गाडी संध्याकाळी गेली.

२३ जानेवारी

डबी कपाटात ठेवली. डोकं फुटतंय. ह्यांच्यावर उगाच ओरडले. त्यांनी गुपचूप चहा करून दिला, साखर विसरून. मीही तो गुपचूप प्यायले.

२५ जानेवारी

तिसरी पहाट. पायरीवर बसते, डोळे मिटते, पाय जमिनीलाच राहतात. दगड गार लागतो. अव्वा आली नाही. डॉक्टरबाईंना हे सांगायला हवं होतं का? मिश्री सोडायची म्हणजे मला काय सोडायचंय, ते कुठल्या रकान्यात बसतं?

भीती वाटते. सोलापूरची, आणि त्याहून जास्त, ती आता येणारच नाही याची.

२६ जानेवारी, रविवार

उद्या पहिल्या गाडीनं सोलापूर. हे येणार आहेत आणि उमादेवीही, शरणबसप्पाला न विचारता.

सकाळी शाळेची पोरं झेंडा घेऊन गल्लीतून गेली. मी पायरीवर होते. मिश्री नाही, स्वप्न नाही, नुसता लख्ख उजेड. भूक लागली म्हणून भाकरी घेतली. कडक होती, गालाला लागेल म्हणून वाटीभर दुधात कुस्करली. घास घ्यायच्या आधी नकळत पदर गालावर दाबला. डाव्या. आणि हात तसाच राहिला.

अव्वा माझं कौतुक करत नव्हती.

शेवटचं वर्षभर ती भाकरी दुधातच खायची. येळवसला मला भज्जीचे घास भरवले आणि स्वतः नुसती खीर प्यायली. बोलायची कमी होत गेली होती. गालाला पदर लावून ती माझ्याकडं नाही, कुठंतरी समोर बघत बसायची, आणि तिच्या समोर मी असायची. भूकंपानं तिला नेलं म्हणून आम्ही कुणी कधी विचार केला नाही, की भूकंप झाला नसता तर. एकतीस वर्षं ती रोज पहाटे येऊन तेच दाखवत होती, आणि मी तिचीच डबी उघडून तिला भेटायला जात होते.

मी किती वेळ रडले कोण जाणे. उमादेवी भिंतीवरून आली. तिचा फोड भरत आलाय. बाजूला बसली. मग म्हणाली, "गिरजे, तुजं लिवलीस का कागदात?"

"नाही."

"मग लिव. म्या बगते."

तिला वाचता येत नाही. तरी मी आत जाऊन रजिस्टर आणलं आणि तिच्या मांडीवर उघडलं. घर क्रमांक चौदा. गिरिजा अमरनाथ बिराजदार, वय बेचाळीस. तंबाखू. जुनं 'नाही' खोडलं आणि पुढं लिहिलं, होय.

"कुटलं तुजं?"

मी तिचं बोट धरून त्या शब्दाजवळ ठेवलं. शाई ओली होती, तर तिनं ती वाळेपर्यंत बोट तिथंच धरून ठेवलं.